कोरियन शब्दांचे इतके जुळे कुठून आले?

तुम्ही विचारलंय की कोरियनमध्ये एकाच शब्दाचे तीन-तीन अर्थ निघतात, तर त्यासाठी चिनी अक्षरं शिकावी लागतील का? माझं मत : लिहायला शिकू नका, पण ओळख करून घ्या.

‘बांगह्वा’ हा शब्द मी एका गुन्हेगारी मालिकेतून उचलला. अर्थ, मुद्दाम आग लावणं. पुढे सोलमध्ये एका जिन्यातल्या दारावर ‘बांगह्वामुन’ वाचलं. ‘मुन’ म्हणजे दार. म्हणजे आग लावायचं दार? निघालं आग अडवणारं! ‘ह्वा’ दोन्हीकडे आगच, पण ‘बांग’ ही दोन वेगळी चिनी अक्षरं आहेत : एक ‘सोडणं’, दुसरं ‘अडवणं’. चिनी माणसाला ती सुरावरून वेगळी कळतात. कोरियनने शब्द घेतले, सूर गळून गेले. आग लावण्यातला ‘बां’ जुन्या पद्धतीत लांबवतात, शब्दकोशात तशी खूणही असते. पण हंगुल लिपीत ते लिहीत नाहीत आणि सोलच्या तरुणांच्या बोलण्यात तो फरक उरलेला नाही. आपला ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपणाची जरा लिहायला एकच, तसंच काहीसं.

माझा सगळ्यात आवडता जुळा म्हणजे ‘योनपे’. सलग हरणंही योनपे आणि सलग विजेतेपद मिळवणंही योनपे! मथळ्यात ‘३ योनपे’ दिसलं की रडायचं की नाचायचं, हे पुढचं क्रियापद ठरवतं.

‘उइसा’चंही तसंच. डॉक्टर, इरादा आणि देशासाठी जीव देणारा वीर, तिन्ही उइसा. २६ ऑक्टोबर १९०९ ला चीनमधल्या हार्बिन स्टेशनवर जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी याला गोळ्या घालणाऱ्या आन जुंग-गनला ‘आन जुंग-गन उइसा’ म्हणतात. मग ‘त्याचा दवाखाना कुठे होता?’ हा विनोद आलाच.

पाठ करायचं तर अख्खा शब्द नको, तुकडा धरा. पाण्याला रोजचा शब्द ‘मुल’, पण जोडशब्दांत ‘सू’ येतो, आपल्या पाणी आणि जल यांच्यासारखा. सुयोंग म्हणजे पोहणं, होंगसू म्हणजे पूर, सेंगसू म्हणजे बाटलीतलं पिण्याचं पाणी. असे दहा-बारा तुकडे झाले की नवा शब्द निम्मा ओळखीचा वाटतो.

फसाल अधूनमधून. ‘सुदो’ म्हणजे नळाचा पाणीपुरवठा आणि राजधानीसुद्धा. पण इमारतीखाली उद्या सुदो बंद असल्याची पाटी लागली, तर लोक बादल्या भरून ठेवतात, राजधानीची काळजी कुणी करत नाही.