गळाला गोगलगाय

प्रश्न : धोम धरणाच्या काठाला पाणगवतावर बारक्या गोगलगायी दिसतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) माशासाठी तशी फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेलं खोटं भक्ष्य, कशी बांधायची? तीच हिमाचलात तीर्थन नदीतल्या ट्राउट माशाला चालेल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : आधी सायप्रिनस. त्याचे दात तोंडात नसतात, घशात असतात. शंख तिथेच फोडतो. म्हणून फ्लाय तळाशी जायला हवी. 10 नंबरचा जाड गळ घ्या, दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळा. वर काळ्या दोऱ्याचे थर द्या, गळाच्या डोळ्याकडे (दोरी बांधायच्या भोकाकडे) जाड, मागे निमुळते, भोवऱ्यासारखे. मग गळून पडलेल्या मोरपिसाचे चारपाच तंतू दोऱ्याबरोबर पीळ देऊन गुंडाळा. नुसते तंतू गुंडाळाल तर पहिल्याच माशाच्या घशात तुटतील. पंख, शेपटी काही नको. आमच्या सांगलीकडचे हौशी लोक चमकी लावतात. गोगलगायीला चमकी कशाला हो?

टाकल्यावर ओढू नका. सायप्रिनस चोखून घेतो आणि खोटं वाटलं की लगेच थुंकतो. दोरी जराशी सरकली की गळ मारा.

ट्राउटची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात तळ्यातल्या काही गोगलगायी पाण्याच्या पृष्ठभागाला खालून उलट्या चिकटून तरंगतात, तेव्हा ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतो. त्यासाठी तारेऐवजी स्टेशनरीच्या दुकानातला काळा फोम वापरा, डोळ्याकडची बाजू सपाट कापा. पण हे संथ पाण्याचं काम. तीर्थन खळाळती, तिथे ही फ्लाय डबीतच राहू द्या, आणि मत्स्य विभागाचा परवाना मात्र आधी काढा.