अल्गार्व्हचे किनारे, पाच लाखांचं कर्ज आणि दहावीची घाई

नाशिकहून एका वाचकांनी विचारलंय: "वय 43, खासगी नोकरी. घराचा हप्ता 28,000, घरखर्च 62,000, एसआयपी 15,000. हे सगळं जाऊन महिन्याला साधारण 22,000 उरतात. एफडी 4 लाखांची. म्युच्युअल फंडात 9 लाख आहेत, ते मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी. मुलगा नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून या मे महिन्यातच पोर्तुगालला जायचं म्हणतोय. मिसेसचं माहेर मडगावचं, तिला ते समुद्रकिनारे लहानपणापासून बघायचेत. टूर कंपनीचं 8 रात्रींचं पॅकेज माणशी 2 लाख 65 हजार. तीन लाखांची एफडी मोडून आणि पाच लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी घेऊन जावं का? बुकिंगचे 25,000 भरलेत."

जा. पण या मे महिन्यात नको, आणि या पैशांनी तर नकोच.

आधी कर्जाकडे बघू. हप्ता साधारण 16,850 रुपये बसेल आणि तीन वर्षांत व्याजच 1 लाख 6 हजारांच्या घरात जाईल. मला व्याजापेक्षा तारखांची जास्त काळजी वाटते. कर्ज फिटेल तेव्हा तुमचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन बाहेर पडत असेल. म्हणजे दहावी, अकरावी, बारावी ही क्लासच्या फीची तिन्ही वर्षं तुम्ही महिना पाच हजारांच्या शिलकीवर काढणार आणि एफडीत उरणार एक लाख. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचा महिना 90,000 चा आहे. आजच्या चार लाखांत कसेबसे साडेचार महिने निघतात. त्यातले तीन लाख काढले, तर नोकरी गेल्यावर पस्तीस दिवसही निघणार नाहीत.

आता घाईबद्दल. "दहावीच्या आधी" हे आपल्याकडे घराघरात ऐकू येतं, पण हिशेब उलटा आहे. शाळेच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मोकळीक दहावीच्या परीक्षेनंतर मिळते. मार्चमध्ये पेपर संपले की अकरावी सुरू होईपर्यंत पोरगं घरीच असतं. पुढच्या मे महिन्यात जा. तुमच्या हातात चौदा महिने आहेत.

पॅकेजचं पत्रक तुम्ही जोडलंत ते बरं झालं. आठपैकी पाच रात्री लिस्बनला. पोर्तुगालच्या दक्षिण किनारपट्टीवर, म्हणजे अल्गार्व्हमध्ये, प्राया दा मारिन्या या किनाऱ्याला अर्धा तास फोटोसाठी, बेनाजिलच्या गुहेला बोटीतून चक्कर, एक संध्याकाळ "मोकळी". जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला किनारे बघायचेत, आणि पत्रकात किनारा आहे जेमतेम दीड दिवस! पोर्तुगालमध्ये किनारे सार्वजनिक आहेत, वाळूवर चादर टाकून बसायला कोणी पैसे मागत नाही. पैसे पडतात ते खुर्ची-छत्रीचे. बेनाजिलच्या गुहेत तर आता पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायलाही मनाई आहे, बोटीतूनच बघायची. तेवढ्यासाठी आठ लाख?

मी असं करेन. चार रात्री लागोसला (नायजेरियातलं नव्हे), तीन ताविराला, शेवटच्या दोन लिस्बनला. लागोसच्या गावातून चालत दोना आना आणि कामिलो हे किनारे गाठता येतात. कामिलोला दोनेकशे लाकडी पायऱ्या उतराव्या लागतात. पुढे पोन्ता दा पिएदादेचे पिवळट सुळके. गावाला लागूनच एक छोटा किनारा आहे, त्याचं नाव चक्क 'प्राया दा बाताता'. बटाटा, पाव, चावी, साबण हे शब्द आपण कुणाकडून घेतले ते माहेर मडगावचं असलेल्यांना सांगायला नको. ताविराहून होडीने समोरच्या बेटावर जाता येतं. जवळच्या बारिल किनाऱ्यावर वाळूत बोटींचे शेकडो जुने नांगर रांगेने पुरून ठेवलेत. ट्यूना मासेमारी बंद पडली, तिचे ते अवशेष. लागोस ते ताविरा रेल्वेने जाता येतं, फारोला बहुधा गाडी बदलावी लागते. मारिन्यासाठी मात्र एक दिवस भाड्याची गाडी घ्या, बसचा भरवसा नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तिथल्या ए-22 महामार्गाचा टोल 1 जानेवारी 2025 पासून बंद झालाय.

एक गोष्ट पत्रकात नाही. हा अटलांटिक आहे, गोव्यातल्या कोलव्याचा समुद्र नव्हे. मे महिन्यात पाणी 17-18 अंशांच्या आसपास असतं. मी कामिलोला घोटाभर पाण्यात गेले आणि गेल्या पावली परत आले. मुलगा पोहेल, पण पाच मिनिटं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी थोडं बरं असतं, तेव्हा खोल्यांचे भाव मात्र चढलेले असतात. म्हणून मे चालेल, फक्त डुंबायच्या अपेक्षेने जाऊ नका. आणि कड्यांच्या अगदी खाली सावलीला बसू नका. 2009 मध्ये अल्बुफेराजवळ कडा कोसळून पाच जण गेले होते.

खर्चाचा माझा अंदाज युरो 110 रुपये धरून आहे. विमान माणशी 70,000 धरलं, म्हणजे 2 लाख 10 हजार. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना 90 युरो आणि बारा वर्षांपुढच्या मुलालाही तेवढीच, म्हणजे तिघांचे साधारण 30,000. स्वयंपाकघर असलेली खोली रोजची 110 युरो, नऊ रात्रींचे 1 लाख 9 हजार. जेवण 60,000, सुपरमार्केटमधून आणून घरी केलंत तर नक्की भागेल. रेल्वे, बस, गाडी, बोट मिळून 50,000. किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे; तो आणि किरकोळ खर्च 31,000. बेरीज 4 लाख 90 हजार. यात युरोतला भाग साधारण 2,250 युरोंचा, म्हणजे युरो पाच रुपयांनी चढला तर अकरा-साडेअकरा हजारांचा फरक. त्यासाठी झोप उडवायचं कारण नाही.

पैसे कुठून येणार? 22,000 ची आरडी आजच सुरू करा, चौदा महिन्यांत 3 लाख 8 हजार. तुम्ही दिवाळीचा बोनस 70,000 लिहिलाय आणि मिसेसची एक लाखाची भिशी जानेवारीत लागणार आहे. झाले 4 लाख 78 हजार, उरलेले आरडीचं व्याज भरेल. हे पैसे इक्विटी फंडात टाकू नका, चौदा महिने ही त्याची मुदत नव्हे. एसआयपीला हात नाही, एफडीलाही नाही.

स्वतः बुकिंग केल्याचा आणखी एक फायदा. फॉरेक्स कार्डात (परकीय चलनाचं प्रीपेड कार्ड) भरलेल्या रकमेवर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल केला जाणारा कर, लागत नाही, टूर पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. ऑक्टोबर 2024 पासून नोकरदाराला तो कंपनीकडे दाखवून पगारातला टीडीएसही कमी करून घेता येतो. तरी तोवर पैसे अडकतातच. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

तुमच्या मेव्हण्यांनी "तिथे फ्लॅट घेतला की व्हिसा मिळतो" असं सांगितलंय. घर घेऊन गोल्डन व्हिसा (गुंतवणुकीच्या बदल्यात राहण्याचा परवाना) मिळवायचा रस्ता पोर्तुगालने ऑक्टोबर 2023 मध्ये बंद केला. तो विषय इथेच सोडा.

राहिले बुकिंगचे 25,000. कंपनीला आजच ईमेल करा, फोन नको. रद्द केल्यास किती परत मिळतील आणि तीच रक्कम पुढच्या वर्षीच्या सहलीत वळती होईल का, हे लेखी मागा. समजा एकही रुपया परत आला नाही, तरी रद्दच करा. ते 25,000 वाचवायला तुम्ही 1 लाख 6 हजारांचं व्याज भरायला निघाला आहात.