दिव्यांग मुलांच्या शाळेसाठी आरोग्य, शिक्षण, पंचायत ही खाती एकत्र काम करतात का?

तुम्ही लिहिलंय, मुलगी साडेसहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत घालायचंय आणि जो तो दुसऱ्या ऑफिसकडे बोट दाखवतो. मी गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुका पातळीवरच्या केंद्रात, विशेष शिक्षक आहे. खरं सांगू? आमची खाती आपणहून एकत्र येत नाहीत. कोणीतरी त्यांना एकत्र बसवावं लागतं.

प्रवेश आधी घ्या. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळा नाही म्हणू शकत नाही. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तुमची. मग मुख्याध्यापकांना विचारा, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन यादीत, तिची दिव्यांग म्हणून नोंद झाली का? सगळं इथेच अडतं. नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचं साहित्य, मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींचे महिना २०० रुपये, कशाच्याच यादीत ती येत नाही. आरोग्य खात्याचं तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी तिला घरी ठेवू नका. फिजिओथेरपीसाठी जिल्हा रुग्णालयात पाठवणारी चिठ्ठी तेच देतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून ठेवा.

आता पंचायत. आमच्याकडे एका मुलाला मोजमाप शिबिरातून, म्हणजे साधनांसाठी मुलांची मापं घेतात त्या शिबिरातून, व्हीलचेअर मिळाली. वर्गाला रॅम्प होता, पण स्वच्छतागृहाला नऊ इंचांची पायरी. पोरगं दुपारपर्यंत पाणीच प्यायचं नाही. शाळेचं अनुदान संपलेलं. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पण ते कोणी मागितलेच नव्हते. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि मी, असे एका दुपारी शाळेत बसलो आणि स्वच्छतागृहाच्या रॅम्पचं काम मंजूर झालं.

गवंडी म्हणाला, तीन फुटांत बसवतो. एक इंच उंचीला एक फूट लांबी लागते, म्हणजे नऊ फूट, हे मी सांगून थकलो. "एवढं लांब कशाला, ट्रॅक्टर चढवायचाय का?" मुलाच्या आईने तीन फुटी फळी लावली, खुर्चीत सिमेंटची गोणी ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, ढकला." त्याने एकदाच ढकललं आणि गुपचूप नऊ फुटांची दोरी ताणली.

तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम पाहणारं कोण आहे ते विचारा आणि त्यांना थेट शाळेतच बोलवा. त्याच दिवशी ग्रामसेवकालाही बोलवा.