चिचुंद्री चावली तर विष चढतं का?

प्रश्न: आम्ही लालबागला चाळीत तळमजल्यावर राहतो. पावसाळा लागला की मोरीतून चिचुंद्री येते. काल सासूबाईंच्या बोटाला चावली. शेजारच्या मावशी म्हणतात ती विषारी असते, उतारा घ्या. मुलगा म्हणतो सस्तन प्राण्यांना विष नसतंच. कोणाचं खरं?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं बघा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या, धनुर्वाताचं किंवा रेबीजचं इंजेक्शन लागेल का ते तेच ठरवतील. उताऱ्यात वेळ घालवू नका. आपल्या घरातली चिचुंद्री विषारी प्राण्यांमध्ये धरत नाहीत, तिचा तो उग्र वास अंगाच्या बाजूला असलेल्या ग्रंथींमधून येतो, त्याचा विषाशी संबंध नाही.

पण मुलाला सांगा, विषारी सस्तन प्राणी आहेत. थोडेच आहेत, पण आहेत. आणि त्यातली एक तर चिचुंद्रीच्याच कुळातली, उत्तर अमेरिकेतली ब्लॅरिना. तिच्या लाळेत विष असतं, त्याने किडे लुळे पडतात पण मरत नाहीत, मग ती ते जिवंतच साठवून ठेवते आणि लागतील तसे खाते, कारण या प्राण्यांना सतत खावं लागतं, फार वेळ उपाशी राहिले तर जगत नाहीत. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी तिचं एक विष वेगळं काढलं तर ते निघालं कॅलिक्रिनच्या जातीचं एन्झाइम. आता कॅलिक्रिन म्हणजे काय, तर आपल्या रक्तात कायनिनोजेन नावाचं प्रोटीन असतं, कॅलिक्रिन त्यातून छोटे तुकडे तोडून काढतं, त्या तुकड्यांनी रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी उतरतं. हे कॅलिक्रिन तुमच्या-माझ्या लाळेतही आहे, अगदी थोडं! विषात तेच बदललेल्या रूपात आणि भरपूर असतं. मला या विषयातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, की विष कुठून बाहेरून आलेलं नाही, रोजच्या कामाचंच प्रोटीन आहे, त्याच्या जीनची कॉपी झाली, कॉपीत बदल होत गेले आणि ज्यांना त्याचा फायदा झाला ते टिकले. कॅरिबियन बेटांवरच्या सोलेनोडॉन या चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याकडेही कॅलिक्रिनचंच विष आहे, ते त्याच्या खालच्या दाताच्या खोबणीतून चढतं, आणि 2019 च्या अभ्यासात दिसलं की ते ब्लॅरिनाकडून आलेलं नाही, दोघांकडे स्वतंत्रपणे तयार झालंय.

ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याची गोष्ट निराळी. फक्त नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो आणि विणीच्या हंगामात विष वाढतं, म्हणजे ते शिकारीसाठी नसून दुसऱ्या नरांशी भांडायला असावं. त्यातली काही प्रोटीन्स डिफेन्सिनपासून आलीत, जी एरवी जंतूंशी लढतात. माणसाला काटा लागला तर जीव जात नाही, पण कळा इतक्या येतात की मॉर्फिननेही नीट थांबत नाहीत.

आपल्या देशातही एक आहे, ईशान्येकडच्या जंगलातला स्लो लॉरिस, माकडांच्या नात्यातला छोटा प्राणी. त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव तो चाटतो, लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. त्यातलं एक प्रोटीन मांजराच्या ॲलर्जीवाल्या प्रोटीनशी मिळतंजुळतं आहे, बहुधा म्हणूनच माणसाला चावला तर जोरदार रिॲक्शन येऊ शकते.

आणि हो, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवून घ्या, पण चिचुंद्रीला मारू नका, ती तुमच्या घरातली झुरळं खाते.