शटल नेटवर बसलं, पॉइंट कुणाचा?

प्रश्न : सर्व्हिसचं शटल नेटच्या पट्टीवर अडकून बसलं, तेव्हा पंचांनी पॉइंट समोरच्यांना दिला. पुढे रॅलीत तसंच अडकलं तर ‘लेट’, म्हणजे तो पॉइंट पुन्हा खेळायचा. एकाच सामन्यात दोन न्याय? (सांगली)

पंच बरोबर होते. विसंगती असलीच तर नियमातच आहे. बॅडमिंटनच्या कलम १३.२ प्रमाणे सर्व्हिसचं शटल पट्टीवर बसलं किंवा पलीकडे जाऊन जाळीत गुंतलं, तर सर्व्हिस करणाऱ्याचा फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्याला. सर्व्हिस परतवल्यानंतर नेमकं हेच घडलं, तर कलम १४.२ प्रमाणे लेट. दोन कलमं, दोन पानं. बहुतेकांनी एकच वाचलेलं असतं. मात्र मारणाऱ्याच्याच बाजूने शटल जाळीत रुतलं तर लेट नाही. ते नेट ओलांडून गेलंच नाही, म्हणून फॉल्ट. आणि सर्व्हिस नेटला घासून योग्य चौकोनात पडली तर ती चांगली. तिथे लेट मागायची सवय टेबल टेनिसची.

प्रश्न : प्रतिस्पर्धी बॅकहँड सर्व्हिसला रॅकेट धरून नुसता थांबून राहतो. किती सेकंद चालतात? (नाशिक)

नियमात सेकंद नाहीतच, आणि हे नियमातलं सगळ्यात ढिलं कलम आहे. ९.१.१ म्हणतं, रॅकेटचं डोकं मागे नेऊन झालं की पुढची हालचाल लगेच सुरू व्हायला हवी. तिथे थांबणं म्हणजे अवाजवी उशीर. पण बॅकहँड सर्व्हिस करणारे कित्येक जण रॅकेट मागे नेतच नाहीत. शटलमागे ती आधीच स्थिर असते, आणि पुढची पहिली हालचाल म्हणजेच सर्व्हिसची सुरुवात. मग ‘मागे नेऊन झालं’ हा क्षण मोजायचा कुठून? कलम इथे गप्प आहे. उरतं ते एवढंच, की दोघं तयार झाल्यावर कुणीही अवाजवी उशीर करू नये. आमच्या मते स्थानिक पंचांनी असं करावं : रॅकेट मागे जाऊन थबकली तर लगेच फॉल्ट; मुळात हललीच नाही तर आधी ‘खेळा’ म्हणून सांगावं, पुन्हा तेच झालं तर फॉल्ट. सर्व्हिस सुरू होऊन रॅकेट मध्येच अडली तर वादच नको, पुढची हालचाल अखंड हवी.

याच सर्व्हिसच्या उंचीचंही विचारलं आहे. पूर्वी मर्यादा होती कंबर, आणि कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीच्या पातळीची काल्पनिक रेषा. खेळाडूच्या टी-शर्टाआड ती कुणाला दिसणार? २०१८पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत १.१५ मीटर आलं. शटल मारताना ते अख्खं या उंचीखाली हवं, नुसता बूच नव्हे. मोजायला पारदर्शक पट्ट्यांवरच्या दोन रेषा असतात, त्या एकमेकींवर जुळवून पाहायचं. घरच्या घरी एकच दोरी बांधून उभ्याने पाहाल तर फसाल. डोळे १.६० मीटरवर, दोरी एक मीटर पुढे आणि खेळाडू तिच्या पलीकडे अर्धा मीटर असला, तर नजर तिथे ९२ सेंटिमीटरवर उतरते. मग चांगली सर्व्हिसही फॉल्ट दिसते. खुर्ची अशी ठेवा की डोळे दोरीच्या पातळीत येतील.

प्रश्न : स्मॅशनंतर माझी रॅकेट नेटला लागली, पण शटल तेव्हा जवळजवळ पडलंच होतं. (ठाणे)

‘जवळजवळ’ चालत नाही. शटल जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालू असतो, आणि तोवर रॅकेट, अंग किंवा कपडा नेटला लागला तर फॉल्ट. उलट, समोरच्याचं शटल नेटला आपटून त्याच्याच बाजूला पडू लागलं की खेळ तिथेच संपतो. त्यानंतर तुमची रॅकेट नेटला लागली तरी बिघडत नाही. आणखी एक : नेटच्या खालून पाय पलीकडे गेला, तर समोरच्याला अडथळा झाला किंवा त्याचं लक्ष विचलित झालं तरच फॉल्ट. वरून पलीकडे गेलात तर अडथळ्याचा प्रश्नच नाही, सरळ फॉल्ट. सूट एकच : शटलला पहिला स्पर्श आपल्या बाजूला झाला असेल, तर फटक्याच्या ओघात रॅकेट पलीकडे जाऊ शकते.

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये छताच्या लोखंडी तुळया फार खाली आहेत. शटल त्यांना लागलं तर? (कोल्हापूर)

मूळ नियमात छताला लागलं की फॉल्ट. पण इमारतीच्या बांधणीमुळे गरज पडली तर स्थानिक संघटनेला वेगळा नियम करता येतो. वरच्या संघटनेने तो नाकारला नाही म्हणजे झालं. तुळईला लागलं तर लेट की फॉल्ट, आणि सर्व्हिसला काय, हे ड्रॉसोबत (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यासोबत) लेखी लावा, पहिल्या सामन्याआधी.