पत्ते मी स्वतः पिसले, तरी जादूगाराने ते ओळखले कसे? मधेच कॅट बदलतात का?

तुम्ही लिहिलंय की रिसेप्शनला आलेल्या जादूगाराने कॅट तुमच्याच हातात दिला, तुम्ही तो मनसोक्त पिसलात, आणि थोड्या वेळाने त्याने लागोपाठ चार जणांनी ओढलेले पत्ते न बघता सांगितले. कॅट मधेच बदलला असेल का, आणि बदलला तर एवढ्या डोळ्यांदेखत कसा, हा तुमचा प्रश्न.

हो, बदलतात. मी हौसेने पत्त्यांचे खेळ करतो, सोसायटीच्या गणपतीत, बारशा-मुंजीत. कुणाचा खास खेळ इथे फोडणार नाही. खालचं सगळं पुस्तकांत कधीचंच छापून आलेलं आहे, त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

आधी गरज का पडते ते बघा. 52 पत्ते ज्या वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात, त्यांची संख्या 68 आकडी आहे. म्हणजे तुम्ही नीट पिसलेल्या कॅटमध्ये कुठला पत्ता कुठे आहे, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. याउलट लावून ठेवलेला कॅट असेल तर अर्धं काम घरीच झालेलं असतं. साय स्टेबिन्स या अमेरिकी कलाकाराच्या नावाने ओळखली जाणारी एक जुनी मांडणी आहे. प्रत्येक पुढचा पत्ता तीनने मोठा, आणि रंगांचा क्रम ठरलेला: किलवर, बदाम, इस्पिक, चौकट. किलवरची तिर्री, बदामाची छक्की, इस्पिकची नव्वी, चौकटची राणी, मग राजा-एक्का ओलांडून पुन्हा किलवर, दुर्री. वरवर बघणाऱ्याला हे पिसलेलेच पत्ते वाटतात.

आता कुणी मधून पत्ता ओढला, की जादूगार नेमका त्याच जागी कॅट कापतो आणि वरचा गठ्ठा खाली घालतो. सगळ्यात खालच्या पत्त्यावर ओझरती नजर टाकायची. बदामाची छक्की दिसली, तर ओढलेला पत्ता इस्पिकची नव्वी. तो परत घेऊन तळाला ठेवला की साखळी पुन्हा जशीच्या तशी, पुढच्या माणसासाठी तयार. कितीही वेळा कापा, क्रम गोल फिरत राहतो. पण एकदा कुणी खरोखर पिसलं की सगळं संपलं. म्हणून तुम्ही पिसलेला कॅट जायला हवा आणि लावलेला यायला हवा.

लोकांना वाटतं की इथे हाताचा वेग लागतो. माझ्या मते वेग हा या कामाचा शत्रू आहे. झटकन केलेली हालचाल माणसाच्या डोळ्याला लगेच टोचते. स्पेनचे आर्तुरो दे आस्कानियो पेशाने वकील होते, पण पत्त्यांच्या जादूचा विचार त्यांच्याइतका खोलवर फार थोड्यांनी केला. त्यांचं म्हणणं साधारण असं: लपवायची क्रिया ही दुसऱ्या कुठल्यातरी कामाला जाताना वाटेत होऊन जायला हवी. पेन काढायला हात खिशात गेला, तर बघणाऱ्याच्या डोक्यात ‘पेन’ एवढंच राहतं. त्या हातात जाताना कॅट होता आणि येतानाही आहे, म्हणजे तो तोच असणार, हे आपण स्वतःच ठरवून टाकतो.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. खेळ संपला, टाळ्या पडल्या, जादूगार कॅट डबीत घालून खिशात ठेवतो. निघायची तयारी. तेवढ्यात कुणी म्हणतं, ‘अहो, अजून एक!’ तो आढेवेढे घेत खिशातून डबी काढतो. आता सांगा, या क्षणी कोण टक लावून बघत असतं? सगळे एकमेकांकडे वळून हसत असतात. खेळ सुरू व्हायच्या आधीच निम्मा होऊन गेलेला असतो. आणि ‘अजून एक’ म्हणणारं कुणी ना कुणी निघतंच, नाही निघालं तर तसं म्हणायला लावता येतं.

पाश्चात्त्य पुस्तकांत टेबलामागची लपवलेली पिशवी, मांडीत सोडलेला कॅट, कोटाच्या आतला मोठा खिसा, असे बरेच मार्ग असतात. स्वित्झर्लंडच्या रॉबेर्तो जोब्बी यांनी तर फक्त कॅट बदलण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. आपल्याकडे मात्र लोक चारी बाजूंनी उभे, लहान मुलं पार मागून डोकावतात, टेबल असलंच तर त्यावर कुणाची तरी आइस्क्रीमची प्लेट. पिशवीबिशवी विसरायची. झब्ब्याचा खिसा आणि गप्पा, एवढंच हाताशी.

बारीकसारीक गोष्टींतही हे काम फसतं. दोन्ही कॅट एकाच कंपनीचे, एकाच रंगाच्या पाठीचे तर हवेतच, पण सारखेच वापरलेलेही हवेत. कागदी पत्ते मुंबईच्या पावसाळ्यात दमट होऊन वाकतात. एक कॅट फुगलेला आणि दुसरा कोरा करकरीत असेल, तर पिसणाऱ्याच्या बोटांना ते लगेच कळतं, मग डोळ्यांना फसवून काय उपयोग? हातात खेळलेले पत्ते कोमट झालेले असतात, बाहेरून आलेला गठ्ठा गार. जुने अमेरिकी जुगारी अशा गठ्ठ्याला ‘कोल्ड डेक’ म्हणत. हो, ही युक्ती जुगारातही चालते, फक्त तिथे लोकांचे पैसे जातात. लास व्हेगासचे वापरलेले कॅट आठवण म्हणून विकत मिळतात, ते कोपरे कापलेले किंवा मधे भोक पाडलेले असतात. ते पुन्हा कुणी टेबलावर आणू नयेत म्हणून.

कॅट बदलण्याचा उलटा प्रकारही आहे. काही कॅट मुळातच बनावट असतात, उदाहरणार्थ ज्यात निम्मे पत्ते एकच असतात आणि किंचित आखूड कापलेले असतात. खेळ झाल्यावर लोक ‘दाखवा, दाखवा’ म्हणून हात पुढे करणारच. तेव्हा बनावट कॅट जाऊन साधा कॅट समोर येतो, आणि लोक तो मोठ्या संशयाने उलटसुलट करून बघत बसतात.

तुमच्या बाबतीत बदलच झाला असेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चारही पत्ते कदाचित गळ्यात मारलेले असतील, म्हणजे तुम्हाला निवडल्यासारखं वाटलं पण जादूगाराने हवा तोच पत्ता पुढे सरकवला. किंवा त्याने प्रत्येक पत्ता परत घेताना हळूच बघून घेतला असेल. पण तुमचं पिसून झाल्यावर आणि पहिला पत्ता ओढण्याआधी तो कॅट एकदा तरी खिशात किंवा डबीत गेला होता का, ते आठवून बघा. नसेल आठवत, तर तुमच्या आत्तेभावाने काढलेला व्हिडिओ बघा, आणि बघताना आवाज बंद ठेवा.