वजा गुणिले वजा आणि गुहेतली माकडं

आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, ‘हिला गणिताचं डोकंच नाही, असं धरून चालायचं का आता?’ मुलगी शेजारीच उभी होती. सातवीतली. मान खाली घालून ती दप्तराच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा ओढू लागली आणि पुढची दहा मिनिटं तेवढंच करत राहिली.

अभ्यासात अडलेल्या मुलांना घेऊन पालक माझ्याकडे येतात, आणि हा प्रश्न सतत येतो, शब्द तेवढे बदलतात. (इथलेही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) पाचवीपर्यंत गाडी ठीक चाललेली, सहावीत घसरण, सातवीत रडारड. गणिताची वही काढली की पोटात दुखायचं. ‘उत्तर सांगितलं तरी लिहून घेत नाही,’ आई म्हणाली, ‘नुसतं का, का करत बसते.’

आईच्या लेखी ही तक्रार होती. मी मात्र ते वाक्य टिपून ठेवलं.

आधी नेहमीची तपासणी झाली. नजर, ऐकणं, वाचन, अंकांची उलटापालट, घड्याळ कळतं का, लहान-मोठ्याचा अंदाज येतो का. गणन-अक्षमतेची, म्हणजे अंक आणि आकडेमोड समजण्यातच मुळात अडचण असण्याची, शंका यावी असं काही दिसलं नाही. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर खरी अडचण एकीकडे राहते आणि आपण गोष्टी सांगत बसतो.

दुसऱ्या भेटीत मी गोष्टच सांगितली आणि चुकले. रामानुजन यांची. पदवी हाती नाही, कारकुनाची नोकरी, १९१३ साली इंग्रज गणितज्ञ हार्डींना पाठवलेलं पत्र, सगळं रंगवून. मुलीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे ज्यांना येतं त्यांना न शिकवताच येतं. मला तर शिकवूनही येत नाही.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोरामोठ्यांच्या कर्तबगारीने आधीच खचलेलं मूल आणखी खचू शकतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी केलंच.

तिसऱ्या भेटीत मी बोलणं कमी केलं. ‘वही उघड. जिथे थांबलीस ते पान दाखव.’ तिला शोधावं लागलं नाही, वही तिथेच उघडायची. (−३) × (−२) = ६. शेजारी पेन्सिलने काढलेलं प्रश्नचिन्ह, खोडलेलं, पुन्हा काढलेलं, पुन्हा खोडलेलं. कागद तिथे इतका झिजला होता की मागची ओळ दिसत होती. वर्गात विचारल्यावर उत्तर मिळालं होतं, ‘नियम आहे, पाठ कर.’

‘तुला नेमकं काय खटकतं?’

‘वजा म्हणजे कर्ज असं शिकवलं. मग कर्जाला कर्जाने गुणलं की माणूस श्रीमंत होतो का?’

मला हसू आलं, पण तिच्यावर नाही. १७८३ साली जन्मलेला फ्रेंच लेखक स्तांधाल विद्यार्थी असताना नेमका इथेच अडला होता. दहा हजार फ्रँकच्या कर्जाला पाचशे फ्रँकच्या कर्जाने गुणलं की पन्नास लाखांची मालमत्ता कशी हाती येते, असा त्याचा प्रश्न होता, आणि शिक्षकांकडून त्याचं समाधान काही झालं नाही. हे त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मी ते सांगितलं तसा दोऱ्याशी चाललेला हात थांबला. ‘सेम माझंच!’

मग आम्ही शब्दावर आलो. धन संख्या, ऋण संख्या हे ती रोज म्हणत होती, पण ऋण म्हणजे कर्ज हा शब्द तिने कधी सुटा पाहिलाच नव्हता. आपल्याकडच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने ६२८ साली श्लोकांत नियम बांधले ते याच शब्दांत: ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन. का, ते त्या श्लोकांत नाही. त्याच नियमांत तो शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही सांगून जातो. ‘ते चुकलं?’ ‘आजच्या गणिताने, हो.’ तिने वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ब्रह्मगुप्त – १ चूक’ अशी नोंद केली.

पण खरी मजा आणली ती भास्कराचार्यांच्या माकडांनी. बाराव्या शतकातलं त्यांचं बीजगणितातलं उदाहरण असं: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतं आहे. कळप केवढा? मी उत्तरं आधीच देऊन टाकली, ५० आणि ५, आणि तिला पडताळायला सांगितलं. पन्नासचं झटक्यात झालं: दहा वजा तीन सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक. पाचाला ती अडखळली. एक वजा तीन, वजा दोन. वजा दोनचा वर्ग... पेन्सिल थांबली. ‘चार धरले तरच पाच येतात!’ मग मी सांगितलं की भास्कराचार्यांनी हे दुसरं उत्तर घेऊ नका म्हटलं आहे, कारण ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही.

‘पण गुहेत चारच जातायत ना? वजा दोन तर मधल्या मध्ये आहेत.’

सातवीतली मुलगी भास्कराचार्यांशी वाद घालत होती. पोट दुखत नव्हतं.

कारणापर्यंत ती स्वतःच गेली, मी फक्त पाढा उलटा लिहायला सांगितला. वजा दोन गुणिले दोन, वजा चार. गुणिले एक, वजा दोन. गुणिले शून्य, शून्य. ‘दर वेळी दोनने वाढतंय,’ म्हणाली आणि पुढच्या ओळीत गुणिले वजा एक लिहून समोर अधिक दोन मांडले. ही काटेकोर सिद्धता नव्हे, पण त्या वयाला पुरते.

वडील पुढच्या भेटीला आले तेव्हा त्यांचा मुद्दा रोखठोक होता, ‘परीक्षेत इतिहास विचारत नाहीत, मॅडम.’ नाहीच विचारत. धड्याच्या तळाशी चौकट टाकून गणितज्ञाचं जन्मसाल आणि फोटो देतात, त्याने काही साधतं असं मलाही वाटत नाही. पाठ करायला आणखी एक ओळ वाढते इतकंच. मूल जिथे अडलं आहे, त्याच जागी आधी कोण अडलं होतं, एवढंच सांगायचं. पंधरा मिनिटांचं काम. मी त्यांना फ्रान्सिस मॅझेरेसचं नाव सांगितलं. केंब्रिजमध्ये शिकलेला, पेशाने वकील. त्याने १७५८ साली ऋण संख्या बीजगणितातून हद्दपार कराव्यात म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं. ६२८ ते १७५८. अकराशे वर्षांहून जास्त. तुमची लेक तीन आठवडे अडली होती.

यावर ते काही बोलले नाहीत. पण घरी ‘का’ विचारल्यावर ओरडायचं नाही, माहीत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, शोधू’ म्हणायचं, एवढं दोघांनी कबूल केलं. खरं तर या सगळ्यात अवघड काम तेच.

पुढच्या चाचणीत गुण फारसे वाढले नाहीत. चिन्हं अजून निसटतात, त्याला सरावच लागतो, आणि रोज दहा उदाहरणं सोडवायचा कंटाळा भास्कराचार्यांच्या माकडांनीही गेलेला नाही. वही मात्र आता दप्तरातून न सांगता निघते.

शेवटच्या भेटीला ती कोपऱ्यातली ती नोंद घेऊन आली. ‘ब्रह्मगुप्त – १ चूक’च्या खाली तिने लिहिलं होतं: ० × ५ = ०, ० × ७ = ०, ० × १०० = ०. ‘बघा, शून्य भागिले शून्य पाच म्हटलं तरी बरोबर, सात म्हटलं तरी बरोबर.’

‘मग खरं उत्तर कोणतं?’ आईने विचारलं.

‘आई, थांब ना जरा,’ ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला बसली.